मशीन मुंबईला जाणार होतं

जुन्या ऑफिसचे किस्से घरातल्या जुन्या किल्ल्यांसारखे असतात. कुलपं केव्हाच गेलेली असतात, पण किल्ल्या टाकवत नाहीत. ड्रॉवर उघडला की खुळखुळ वाजतात, आणि एक उचलावी तर तिच्यात अडकलेली दुसरी वर येते.

आमच्या सेक्शनची जुनी मंडळी अजूनही अधूनमधून माझ्या धरमपेठेतल्या घरी जमतात. परवा जमली होती, आणि आतल्या खोलीत माझी भाची फोनवर कोणाला तरी फैलावर घेत होती. "सर्व्हर बसलाय. कॉन्फिगरेशनला हात कोणी लावला? टाइम-आउट कोणी वाढवला? आधी रीस्टार्ट करा, मग बोला." ती जावा नावाच्या संगणकाच्या भाषेवर चालणारे कुठले कुठले वेब सर्व्हर सांभाळते. तिचं ते बोलणं ऐकून बाहेर आम्ही एकमेकांकडे बघून हसायला लागलो. ऐंशीच्या दशकात आमची हीच वाक्यं होती. फक्त आम्ही सर्व्हर म्हणत नव्हतो, "मशीन" म्हणत होतो.

आमचं ऑफिस निमसरकारी. काम असं की मृग लागायच्या आत विदर्भातल्या प्रत्येक केंद्रावर बियाण्याची पोती पोचली पाहिजेत. कुठलं बियाणं, किती, कुठल्या ट्रकनं, हे सगळं ठरवायला मशीन आणलं. दोन लोखंडी कपाटांएवढं ते मशीन बंद खोलीत, आणि बाहेरच्या हॉलमध्ये क्लार्क लोकांचे आठ पडदे. आठही जणांनी एकाच मशीनला विचारायचं आणि त्यानं सगळ्यांना उत्तरं द्यायची.

हे मशीन नागपूरला आलं ते मुंबईच्या मुख्य ऑफिसला सुरुवातीपासून खुपत होतं. त्यांनी एक अट घातली. येत्या मृगापर्यंत नीट चालवून दाखवा, नाहीतर मशीन मुंबईला नेऊ. मशीनबरोबर आमच्या जागाही जाणार होत्या.

मी प्रोग्रॅमर, एकटा जीव, गेले असते मुंबईला कुरकुरत. पण आमच्या शकुबाई कुठं जाणार? शकुंतलाबाई म्हणजे पडद्यावरच्या सगळ्या नोंदींच्या प्रमुख. रोज खाप्याहून एसटीनं यायच्या. घरी सासू-सासरे, दीर, आणि नवरा तिथल्याच शाळेचा हेडमास्तर. आधी टायपिंगला होत्या, तिथून परीक्षा देऊन मशीनवर आल्या. त्या पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, "सुनंदा, मशीन गेलं तर मी परत टाइपरायटरवर वं. दुसऱ्याची पत्रं बडवाले. ते आता माह्याच्यानं होणार नाही." त्या वर्षी काहीही बिघडलं की आम्हाला आधी हे वाक्य आठवायचं.

*

मशीन आलं आणि आठवड्याभरात खंडेनवमी आली. आमचा ऑपरेटर तितरमारे कुहीचा. घरी धानाची शेती. घरी नांगराची पूजा होते आणि ऑफिसात मशीनची नाही, हे त्याला पटेना. त्यानं झेंडूचा घसघशीत हार आणला. मशीनला गळा नसतो, म्हणून वरच्या जाळीवर छान पसरून ठेवला.

आरती निम्म्यावर आली आणि मशीन आतून पीं पीं करायला लागलं. असं ते कधीच ओरडलं नव्हतं. तितरमारे डोळे मिटून टाळ्या वाजवत होता, तसाच म्हणाला, "पाहा जी, देव पावला."

आमचे साहेब पांढरीपांडे. भोसल्यांच्या काळात इकडे आलेल्या घराण्यातले, बोलणं हळू आणि शुद्ध. त्यांनी एका हातानं टाळी चालू ठेवल्यासारखं केलं, दुसऱ्या हातानं मशीनचं जाडजूड मॅन्युअल उघडलं, पान शोधलं, वाचलं, आणि हार उचलून बाजूला ठेवला. मशीन गप्प झालं.

"देव पावला आहे," साहेब म्हणाले, "पण त्याला गरम होतंय."

*

त्यानंतर तितरमारे धान कापणीच्या रजेवर गेला आणि मशीन फडफडायला लागलं. काम चालू, पण आतून सारखा आवाज. मुंबईला फोन केला तर ते म्हणाले, इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येईल, तोवर मशीन बंद ठेवा. बंद ठेवलं असतं तर ते आमच्या नावावर मांडलं गेलं असतं. म्हणजे जाच आणि वर शिक्षा.

मी कुहीच्या बियाणे केंद्रावर फोन लावला आणि तितरमारेला शेतातून बोलावून घेतलं. तो धापा टाकत आला आणि म्हणाला, "मॅडम, बोलू नका. फोन मशीनजवळ धरा."

फोनची वायर खोलीपर्यंत पोचेना. शकुबाईंनी टेबल सरकवलं, साहेबांनी दार धरलं, मी हात ताणून रिसीव्हर मशीनच्या पाठीला लावला. तिकडे कुहीत तितरमारे ऐकत होता.

"मागच्या पंख्यात काहीतरी अडकून राहिलं जी," तो म्हणाला. "जड असतं तर ठकठक केलं असतं. हे हलकं आहे."

मशीन बंद करून मागची पट्टी उघडली. पंख्याच्या जाळीत आपट्याचं वाळलेलं पान. दसऱ्याला आम्ही सगळ्यांनी एकमेकांना सोनं दिलं होतं, पण मशीनला कोणी दिलं ते कळेना. शकुबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.

पांढरीपांडे साहेबांनी पुढं होऊन ते पान अलगद उचललं आणि खिशात घातलं. म्हणाले, "सोनं आहे. टाकू नये."

*

हिवाळ्यात मुंबईहून हुकूम आला. पाच मिनिटं ज्या पडद्याला कोणी हात लावणार नाही, तो मशीननं आपोआप बंद करावा. मुंबईत हे ठीक असेल. तिथं माणूस फोनवर आकडा विचारतो, समोरचा आकडा सांगतो, दोघं फोन ठेवतात.

आमचा क्लार्क कुहीला फोन करायचा. "किती पोती शिल्लक आहेत?"

तिकडून केंद्रप्रमुख म्हणायचे, "राम राम जी! तब्येत कशी आहे? नागपूरले थंडी पडली का? आमच्याकडे तर लय पडून राहिली. अन् मागच्या वेळी तुमच्या बहिणीचं पाहून राहिले होते, जमलं का जी?" बहीण, थंडी, तुरीचा बहर असं करत पोत्यांच्या आकड्यावर येईपर्यंत पडदा बंद झालेला असायचा. क्लार्क पुन्हा नाव टाकून आत शिरायचा आणि आकडा नीट लिहून घ्यायला पुन्हा फोन करायचा. पुन्हा राम राम.

शकुबाई वैतागल्या. "त्याईले सांग ना वं, आधी आकडा सांगा, मग थंडी."

मी सांगून बघितलं. केंद्रप्रमुखांना राग आला. "काहून जी? मी काय भिंतीशी बोलून राहिलो?"

आता हे चूक म्हणायची माझी हिंमत नव्हती, कारण माणूस बरोबर बोलत होता. तेव्हा मी माणूस सोडला आणि मशीन धरलं. एक दिवस क्लार्कशेजारी घड्याळ घेऊन बसले, कुहीचा एक फोन अथपासून इतिपर्यंत होऊ दिला, त्यात निरोपाचे "बरं मग, ठेवू का" धरले, आणि पाच मिनिटांच्या जागी ती वेळ मशीनमध्ये भरली. मुंबईला कळवलं नाही. पडदे बंद पडायचे थांबले आणि नोंदी दुपारच्या आत पुऱ्या व्हायला लागल्या.

तपासणीत मुंबईला ते सापडलं. आता मला मेमो येणार अशी खात्री होती. आलं ते परिपत्रक. राज्यातल्या सगळ्या ऑफिसांनी यापुढे नागपूरचीच वेळ ठेवावी, कारण ती "सखोल तांत्रिक अभ्यासाअंती" योग्य ठरली आहे.

साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं आणि चष्म्यावरून विचारलं, "सुनंदाबाई, सखोल अभ्यास कोणाचा?"

मी काही बोलायच्या आत तितरमारे कॉलर ताठ करत म्हणाला, "आमच्या गावाचा."

*

मशीन रोज सकाळी अकराच्या सुमारास अडकायला लागलं तो काळ मात्र हसण्यासारखा नव्हता. आठही पडदे एकदम थिजायचे, नवी नोंद घेईनात. अर्ध्यापाऊण तासानं आपोआप सुटायचे. मुंबईनं सामंत नावाचा इंजिनिअर पाठवला. पोरगा हुशार होता, मेहनतीही होता, पण येतानाच सांगून आला होता की दोष सापडला नाही तर मशीन हलवण्याची शिफारस करावी लागेल.

त्यानं वायरी तपासल्या, आतल्या पट्ट्या बदलल्या, टेप चढवायचं यंत्र उघडून साफ केलं. काही सापडेना. मशीन दहाला ठणठणीत असायचं आणि बाराला ठणठणीत असायचं. आणि बिघडायची वेळ झाली की तितरमारे सामंतच्या खांद्यावर हात टाकायचा. "चला सर, पाव्हणे आहात, तुम्हाला उपाशी कसं ठेवू?" चौकात तर्री-पोह्यांचा ठेला होता. त्या वेळी आमचं सगळं ऑफिस तिथं असायचं. सामंतला पहिल्या दिवशी तर्रीनं घाम फुटला, दुसऱ्या दिवशी त्यानं जास्तीची मागून घेतली. परत येऊन बघावं तर मशीन अडकलेलं.

मग संकष्टी आली. शकुबाईंचा उपास. त्या पोहे खायला आल्या नाहीत, हॉलमध्ये एकट्या बसून राहिल्या. आम्ही परतलो तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या.

"मशीन खराब नाही," त्या म्हणाल्या. "ते तुमची वाट पाहून राहिलं."

झालं होतं ते असं. पोह्यांची हाक आली की प्रत्येक क्लार्क हातातली नोंद अर्धी भरून तशीच सोडून उठायचा. अर्धी नोंद मशीन धरून ठेवायचं; कुहीच्या फोनएवढी वेळ भरल्यापासून पडदाही मधेच बंद होत नव्हता. आणि मीच वर्षाच्या सुरुवातीला मशीनला सांगून ठेवलं होतं की रोज अकराला सगळ्या नोंदी टेपवर उतरव. मशीन टेपवर उतरवायला घ्यायचं, आणि अर्ध्या नोंदी हातात धरून बसायचं की हे लोक कधी येतात. शकुबाईंनी एकेका पडद्यापाशी जाऊन ती अर्धी नोंद पुरी केली, आणि आठवा पडदा पुरा होताच टेप फिरायला लागली होती. हे सगळं त्यांनी उपाशीपोटी केलं होतं, हे त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं.

मी टेपची वेळ बदलून साडेबारा केली. सामंतनं दुसऱ्या दिवशी पोहे खाऊन येऊन बघितलं. मशीन धावत होतं.

त्याच्या समोरच मुंबईचा फोन आला. दोष काय होता? सामंत लाजून साहेबांकडे बघायला लागला. पांढरीपांडे साहेबांनी रिसीव्हर घेतला.

"नाश्ता," ते म्हणाले.

*

मग मे उजाडला. मशीनच्या खोलीला दोन एसी होते आणि दोघांच्याही पाठी पश्चिमेला. दुपारी नागपूरचं ऊन त्यांच्या पाठीवर पडलं की ते दम टाकायचे. तिसरा एसी मागितला तर मुंबई म्हणाली, मंजुरीला दिवाळी होईल.

तितरमारेनं घरच्यासारखा विचार केला आणि एक मोठा कूलर आणून मशीनच्या खोलीत लावला. खोली गार झाली. मशीन खूश. पण त्या ओलसर हवेनं प्रिंटरचा कागद मऊ पडला आणि पुढं सरकेना. अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्याची पोती एकाच ओळीवर छापली गेली. शकुबाई तो कागद चिमटीत धरून म्हणाल्या, "हा तर भिजलेला पापड झाला."

मी म्हटलं, आपल्याला मशीन गार करायचंच नाही, ते काम एसीचं. आपल्याला एसी गार करायचा आहे. मग कूलर बाहेर काढला, एसींच्या पाठीमागं वाळ्याची ताटी उभी केली, ती भिजवली आणि कूलरचा वारा तिच्यावर सोडला. एसींना सावलीही मिळाली आणि वाळ्याचा वासही. त्या दुपारनंतर ते एकदाही बसले नाहीत. कॉरिडॉरमध्ये तर असा गारवा झाला की शेजारच्या सेक्शनचे लोक फायली घेऊन आमच्या दारात उभे राहायला लागले.

मुंबईनं विचारलं, भर उन्हाळ्यात मशीन बंद कसं पडलं नाही? कोणती जादा यंत्रणा बसवली? आम्ही खरं ते कळवलं. वाळ्याची ताटी, एक.

उत्तर आलं, "मेक आणि मॉडेल कळवावे."

"लिहा ना," तितरमारे म्हणाला. "इतवारीच्या बाजारचा माल आहे."

*

मृग तोंडावर आला आणि मुंबईचे मोठे साहेब स्वतः निघाले, मशीन ठेवायचं की न्यायचं ते डोळ्यांनी बघून ठरवायला. सांगितल्याच्या एक दिवस आधीच ते दारात उभे राहिले. बरोबर सामंत होता. आणि नेमक्या त्या दिवशी शकुबाई रजेवर होत्या. खाप्याला त्यांच्या दिराचं लग्न होतं.

तरी आम्ही घाबरलो नाही. पडदे चालू, एसी चालू, वाळा दरवळतोय. मोठे साहेब सगळीकडे फिरले, खूश दिसले. मग म्हणाले, "ठीक आहे. आता बंद करा आणि पुन्हा चालू करून दाखवा. माझ्या समोर पेरणीचं सगळं वाटप छापून निघालं, तर मी समजलो." दुपारच्या विमानानं त्यांना परत जायचं होतं.

तितरमारेनं आनंदानं मशीन बंद केलं. आनंदानं चालू केलं. पडद्यावर एक ओळ आली आणि थांबली. मशीन पासवर्ड मागत होतं.

 महिन्याभरापूर्वी मुंबईचाच हुकूम आला होता, की मशीनचा मुख्य पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक असावा, कुठंही लिहून ठेवू नये, आणि तीनदा चुकीचा पडला तर मशीननं स्वतःला कुलूप लावून घ्यावं. ते कुलूप मुंबईहून माणूस आल्याशिवाय निघणार नव्हतं. सेक्शनमध्ये सगळ्यात पोटात ठेवणारं माणूस कोण, तर शकुबाई. म्हणून साहेबांनी पासवर्ड ठरवायचं काम त्यांना दिलं होतं. त्यानंतर मशीन बंद करायची वेळच आली नव्हती, इतकं ते चांगलं चाललं होतं!

तितरमारे माझ्या कानात म्हणाला, "मॅडम, बाईमाणूस नवऱ्याचंच नाव ठेवीन. मास्तरचं नाव टाका." शकुबाईंच्या मिस्टरांचं नाव यशवंत, ते मस्टरवर होतंच. टाकलं. चूक. मग त्यानं स्वतःच खाप्याचं नाव टाकलं. तेही चूक.

"आता हात लावू नका," पांढरीपांडे साहेब म्हणाले. मी त्यांचा आवाज चढलेला तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

खाप्याला ट्रंककॉल लावला. मांडव पोस्टाच्या समोरच होता, एवढं मला माहीत होतं. आमच्या त्या काळ्या फोनचा आवाज असा, की रिसीव्हर हातभर लांब धरला तरी खोलीभर ऐकू यायचा. पोस्टमास्तरांनी माणूस पाठवला. थोड्या वेळानं तिकडे बांगड्यांचा आवाज आला, आणि एकट्या शकुबाईंच्या बांगड्यांचा तो नव्हता.

"शकुबाई, पासवर्ड सांगा. मोठे साहेब इथं उभे आहेत. एकच डाव उरला आहे."

तिकडे नुसत्या बांगड्या वाजल्या.

"शकुबाई, ऐकू येतंय का? मशीन चाललं मुंबईला."

"ऐकू येऊन राहिलं वं," त्या हळूच म्हणाल्या. "मले सांगता येत नाही."

"काहून?"

"सारं लग्नघर इथं येऊन उभं आहे. सासूबाई पण आहेत."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तितरमारे बरोबर होता. "मास्तरांचंच नाव आहे ना? पण यशवंत तर टाकून झालं."

"ते शाळेतलं झालं. ते तर साऱ्या ऑफिसले माहीत आहे, ते कशाले ठेवीन? मी घरचं ठेवलं. जे नाव मी कधी तोंडातून काढत नाही ते कुठं फुटणार, असं म्हटलं." त्यांचा आवाज रडकुंडीला आला होता. "कसं घेऊ सुनंदा, सारे पाहून राहिले."

"मग मास्तरांना द्या फोन."

"ते वऱ्हाड आणाले सावनेरले गेले."

"मग सासूबाईंना द्या. मुलाचं नाव त्या सांगतील."

रिसीव्हर हातोहात गेला. एक खणखणीत म्हातारा आवाज आला. "कोण बोलून राहिलं?"

मी सगळं सांगितलं. मशीन, साहेब, विमान, टाइपरायटर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, माझी आधीची दोन लेकरं गेली," त्या म्हणाल्या. "हा झाला तेव्हा मी याले सुपात घातलं, चिंधीत गुंडाळलं अन् हलकंसं नाव ठेवलं, कोणाची नजर लागू नये म्हणून. त्या नावानं तो जगला. अन् हेडमास्तर झाला तसं ते नाव बंद झालं. हिनं तर लग्न झाल्यापासून एक डाव घेतलं नाही. नाव घे म्हटलं की यशवंतराव, यशवंतराव. मी काहून सांगू? तिलेच घेऊ द्या. माह्या समोर, साऱ्यांच्या समोर."

"आई, नोकरीचं आहे वो," मागून शकुबाईंचा आवाज.

"माहीत आहे मले. तुह्या नोकरीसाठी सकाळी डबा कोण भरते? घे नाव."

मागे बायका हसायला लागल्या होत्या. मांडवातून सासरेबुवांचा खाकरा ऐकू आला. कोणीतरी म्हणालं, "उखाण्यात घे वं, उखाण्यात!" इकडे मोठे साहेब घड्याळ बघायचं थांबून फोनकडे बघत होते. पांढरीपांडे साहेबांनी खिशात हात घातला होता, आणि त्या खिशात दसऱ्याचं ते सोनं आहे हे मला माहीत होतं.

मग रिसीव्हरमध्ये श्वास घेतल्याचा आवाज आला, आणि शकुबाई एका दमात म्हणाल्या,

"कन्हानच्या काठावर खापा आमचं गाव,
मशीनच्या कुलपाले चिंधूरावांचं नाव!"

तिकडे जो गलका झाला तो आमच्या हॉलच्या टोकापर्यंत गेला असेल. मी ओरडून विचारलं, "राव लावायचं का?"

"नको," शकुबाई म्हणाल्या. आता त्या हसत होत्या की रडत होत्या ते कळेना. "आईनं ठेवलं तेवढंच."

मी तेवढंच टाकलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि मशीन उघडलं. आतल्या खोलीत प्रिंटर धडधडायला लागला. भंडारा, चंद्रपूर, वर्धा, एकामागून एक जिल्ह्यांची पोती कोरड्या कागदावर सरसर उतरत राहिली. तितरमारे कागदाची घडी दोन्ही हातांनी अशी सांभाळत होता, जशी काही घरची पहिली रास आली आहे.

मोठ्या साहेबांनी कागद उचलून जिल्हे मोजले. मग म्हणाले, "पांढरीपांडे, पासवर्ड आजच्या आज बदला. सगळ्या खाप्याला कळला आहे."

"हो, सर. आणि मशीन?"

"मशीनला काय झालंय? ते इथंच राहू द्या."

माझ्या हातातला रिसीव्हर मी ठेवलाच नव्हता. शकुबाईंना सांगायला तो कानाशी नेला, तर आधी ट्रंक एक्स्चेंजच्या ऑपरेटरबाईंचा आवाज आला. इतका वेळ त्या लाइनवरच होत्या.

"मॅडम, तीन मिनिटं केव्हाचीच झाली. पुढची तीन माह्याकडून. आता सासूबाईले नाव घ्याले लावा ना."